टाचेखालचा खडा

१

चित्रकलेच्या शाळेत त्यांना सगळे पुतळेकाका म्हणत. गेली एकवीस वर्षं ते मुलांसमोर बसत होते, आणि बसणं हेच त्यांचं काम होतं. लोकांना वाटतं, बसायला काय अक्कल लागते? बूड टेकलं की झालं. अशा माणसाला एकदा पाऊण तास हलू नकोस म्हणावं. पाचव्या मिनिटाला नाक खाजतं, दहाव्याला पायाला मुंग्या येतात, विसाव्याला कंबर आईच्या नावाने हाका मारायला लागते. पुतळेकाका मात्र दिवसाला पाऊण-पाऊण तासाच्या चार बैठका काढत, आणि शिंकसुद्धा मध्यंतरासाठी राखून ठेवत.

यामागे एक युक्ती होती. त्यांच्याआधी या खुर्चीवर एक आजोबा बसायचे, त्यांनी ती शिकवली होती. "देह म्हणजे सदरा," आजोबा म्हणायचे. "सदऱ्याला ऊन लागलं म्हणून आपण कशाला करपायचं? सदरा ठेवायचा खुर्चीवर, आणि आपण पडायचं बाहेर." हे शिकायला दोन वर्षं गेली. डाव्या हाताच्या अंगठ्याच्या नखाकडे एकटक बघायचं आणि मनात घोळवत राहायचं, दुखतंय ते गुडघ्याला, मला नाही. मग कधीतरी गुडघा खरंच परका होतो आणि आपण मोकळे होतो. परत यायचं तेसुद्धा त्याच नखावरून.

आजोबांनी एक गोष्ट मात्र बजावून सांगितली होती. बसताना डाव्या टाचेखाली हरभऱ्याएवढा खडा ठेवायचा. "तेवढं दुखू द्यायचं बरं का. ती कडी आहे. घर उघडं टाकून हिंडू नये माणसाने."

काही वर्षं पुतळेकाकांनी हे इमानाने पाळलं. पण खड्यामुळे फार लांब जाता येईना. जरा बाहेर पडलं की टाच मागे ओढायची. मुलगा आजारी पडला त्या वर्षी त्यांनी तो खडा काडेपेटीत घालून कपड्यांच्या कपाटात टाकून दिला. लोक कानाला खडा लावतात, यांनी टाचेचा काढला. त्यानंतर तेरा वर्षं काही बिघडलं नाही, निदान त्यांना तरी तसं वाटत होतं.

२

बायकोच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन गुरुवारी दुपारी दोनला ठरलं.

ती घरीच शिवणकाम करायची. डॉक्टरांकडून आल्यावर ती मशीनसमोर बसली आणि एका परकराची शिवण उसवू लागली, शिवण चांगली असताना. पुतळेकाका दाराशी उभे राहिले.

"गुरुवारी मी असेन," ते म्हणाले.

"असाल हो," ती मान वर न करता म्हणाली. "तेव्हाही होतातच की."

तेव्हा म्हणजे तेरा वर्षांपूर्वी. मुलगा आत होता, हे दोघं बाहेर बाकावर. दोन तास. बाकावर बसताबसता पुतळेकाकांनी नखाकडे बघितलं होतं आणि ते निघून गेले होते, कुठल्याशा नदीच्या काठावर, जिथे काहीच चाललेलं नव्हतं. परत आले तेव्हा सगळं संपलं होतं आणि बायको त्यांचा खांदा हलवत होती. नंतर तिने फक्त एकदा तो विषय काढला. "माझ्या शेजारी नुसतं शरीर बसलं होतं तुमचं," ती म्हणाली होती. "त्यापेक्षा मी भिंतीला टेकून रडले असते तरी चाललं असतं."

"या वेळी तसं नाही होणार," पुतळेकाका म्हणाले. "मी म्हणजे मी असेन. शपथ घेतो."

तिने सुई थांबवली आणि त्यांच्याकडे बघितलं. "शपथ नको. या नुसते."

इतकी भीती आपल्याला वाटते आहे हे बघून त्यांना आणखीच भीती वाटली, आणि सवयीने नजर अंगठ्याच्या नखाकडे गेली. त्यांनी मूठ मिटून घेतली.

३

परीक्षेची बैठक तीन आठवड्यांची होती. एकच पोझ, तीच खुर्ची, तोच उजेड. अशा वेळी सर खडूने मॉडेलच्या पावलांभोवती रेघ मारून ठेवतात. मध्यंतरात मॉडेल चहा पिऊन आला की पावलं त्या रेघांत बसवतो, आणि चित्राची घडी विस्कटत नाही. नजर कुठे ठेवायची तेही ठरलेलं असतं. पुतळेकाकांना दाराची वरची बिजागरी दिली होती.

सोमवारी मध्यंतरानंतर झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या, "सर, खिडकीपाशी पण कुणाला बसवणार हाय का? पुसू की ठेवू?"

खिडकीजवळ, हात धुवायच्या भांड्याच्या शेजारी, फरशीवर दोन पावलं आखलेली होती. खडूची बारीक, नेटकी रेघ. टाचा वर्गाकडे, बोटं खिडकीकडे.

"कुणाचा हा चावटपणा?" सरांनी विचारलं. बारा मुलं होती वर्गात. सगळी एकमेकांकडे बघू लागली. सरांनी मावशींना पुसून टाकायला सांगितलं.

मावशी फडकं भिजवायला गेल्या, तेवढ्यात पुतळेकाकांनी गंमत म्हणून त्या रेघांत पाऊल ठेवलं. ते बसलं. त्यांच्या डाव्या पायाची करंगळी लहानपणी मोडून वाकडी झाली होती. रेघसुद्धा तिथे तशीच वाकडी होती.

त्यांनी पाऊल झटकन मागे घेतलं. मग त्यांनी स्वतःची समजूत घातली. मुलं तीन आठवडे या पायांकडे बघताहेत. डोळे मिटूनही काढतील. खोड्या काढायचं वय आहे.

पण आणखी एक गोष्ट होती, आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नाही. मघाच्या बैठकीत ते नदीवर गेले नव्हते. कंटाळा आला होता नदीचा. ते इथेच, या खिडकीशी उभे राहून खाली रस्ता बघत होते. समोरच्या दुकानाच्या शटरला एक रंगारी हिरवा रंग देत होता आणि त्याचा ब्रश डब्यात पडला होता. मनातल्या मनात बघत होते, अर्थात. खुर्चीवरून रस्ता दिसत नाही, आभाळ तेवढं दिसतं.

त्यांनी खिडकीतून वाकून बघितलं. शटर अर्धं हिरवं होतं. रंगाऱ्याचा हात कोपरापर्यंत हिरव्या रंगाने माखला होता.

४

वर्गात एक चष्मेवाली मुलगी होती. बोलायची कमी, पण तिचा हात चांगला होता. मंगळवारी मध्यंतरात ती पुतळेकाकांजवळ आली.

"काका, रागावणार नसाल तर एक विचारू? नजर बदललीत का तुम्ही?"

"मी? बिजागरीवरून हललो नाही, पोरी."

"मग माझंच चुकतंय," ती म्हणाली, पण तिथून गेली नाही. "तुमच्या हातावरचा तो वण कसला हो? तळव्यावर, चार नखं रुतल्यासारखा. काढताना फार त्रास देतोय."

पुतळेकाकांनी उजवा तळवा उलटा करून बघितला. चार छोट्या चंद्रकोरी होत्या. खूप वर्षांच्या असाव्यात. "कुणास ठाऊक," ते म्हणाले. "लागलं असेल कुठेतरी. अंगाकडे कोण बघतो एवढं?"

ती हसली. मग हळूच म्हणाली, "मघाशी पंखा कमी करू का विचारलं, तर तुम्ही म्हणालात, असू दे, मला वारा लागला की बरं वाटतं. बैठकीत बोललात म्हणून सर माझ्यावरच डाफरले."

पुतळेकाकांना यातलं काही आठवेना. मघाशी ते खिडकीशी होते.

मुलं चहाला गेल्यावर ते चित्रांपुढून फिरले. असं ते सहसा करत नसत. बाराच्या बारा चित्रांत तोच देह होता, कुणी समोरून काढलेला, कुणी बाजूने, एकाने जवळजवळ पाठमोरा. कुणाचा खांदा चुकला होता, कुणाचा गुडघा. एकवीस वर्षं मुलं त्यांचे डोळे रिकामे काढत आली होती, कारण डोळे असायचेच तसे, म्हणून तर पुतळेकाका हे नाव पडलं होतं. या चित्रांतले डोळे रिकामे नव्हते. ते खिडकीकडे बघत होते, भांड्याच्या शेजारी जिथे खडूची पावलं पुसली होती, नेमके तिथे. पाठमोऱ्या चित्रातही मान थोडी तिकडेच वळली होती.

बघणं रागाचं नव्हतं. राग असता तर बरं झालं असतं. घरातल्या माणसाने उशिरा येणाऱ्याकडे बघावं, दर वेळी बघावं आणि एक दिवस वाट बघणं सोडून द्यावं, तसं ते बघणं होतं.

मनाचे खेळ, त्यांनी स्वतःला सांगितलं. बायकोच्या काळजीने डोकं ठिकाणावर नाही. पण त्या दुपारी त्यांनी कपाटातून काडेपेटी शोधून काढली. खडा होता तिथेच.

५

बुधवारी सकाळी बायको चहा ओतताना गुणगुणत होती. कित्येक वर्षांत असं झालं नव्हतं.

"काय गं, आज स्वारी खुशीत?"

"काल बोललात ना तुम्ही," ती म्हणाली. "मन हलकं झालं माझं."

पुतळेकाकांचा कप ओठापर्यंत जाऊन थांबला. काल संध्याकाळी ती ऑपरेशनचं सांगायला बसली होती, भूल कशी देतात, किती कापतात. ते ऐकवेना म्हणून ते नखाकडे बघत जरा बाहेर पडले होते. दहा मिनिटं असतील. परत आले तेव्हा ती डोळे पुसत होती, आणि ते नेहमीचंच आहे असं समजून त्यांनी विचारलंही नव्हतं.

"काय बोललो मी?" असं विचारावं की विचारू नये? विचारलं तर ती समजेल की हा तेव्हा नव्हता. न विचारलं तर ते कोण बोललं हे कळणार नाही.

"बरं झालं," ते एवढंच म्हणाले.

"त्याचं लहानपणीचं कसं आठवलं हो तुम्हाला सगळं?" तिचा आवाज ओला झाला. "मला वाटायचं, तुम्हाला काही आठवतच नाही. तो तापात तुमच्या छातीवर झोपायचा, त्याच्या डोक्याचा वास, छातीवर पडायचा तो भार. मी म्हटलं, एवढं सगळं या माणसाने ठेवलं तरी कुठे?"

पुतळेकाकांनी आठवून बघितलं. भार आठवेना. वास आठवेना. आठवत होती ती नदी आणि तिचा काठ. चहा त्यांनी गार होईपर्यंत हातात धरून ठेवला.

६

गुरुवारी सुट्टी घ्यायचं ठरलं होतं. पण सरांनी गळ घातली. परीक्षेची चित्रं हातातोंडाशी आली होती. "नऊ ते अकरा, काका. दोनच तास. दोनच्या आत तुम्ही हॉस्पिटलात. मुलांचं वर्ष आहे हो." बायकोही म्हणाली, "जा. घरात फेऱ्या मारून माझंच डोकं खाल."

पुतळेकाकांनी शर्ट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला, चपला चौथऱ्याखाली सारल्या, पावलं रेघांत बसवली आणि डाव्या टाचेखाली खडा ठेवला. टोचला. बरं वाटलं. आज कुठेही जायचं नाही. दोन तास या अंगात बसून राहायचं, जे दुखेल ते दुखू द्यायचं आणि इथून सरळ तिच्याकडे जायचं. एवढंच करायचं होतं. कुठलाही माणूस करतो.

पहिली पंधरा मिनिटं निभावली. मग कंबर बोलू लागली, ते एक ठीक. पण कंबरेच्या मागून दुसरं काहीतरी वर यायला लागलं. छातीवर भार जाणवू लागला. लहान डोक्याचा, तापलेल्या डोक्याचा. घामाचा आणि तेलाचा वास. पुतळेकाका तेरा वर्षं ज्या घरात टिकून राहिले नव्हते, त्या घरात हे सगळं जसंच्या तसं ठेवलेलं होतं, आणि आता एकेक दार उघडत होतं. बाक. बाकावरचे दोन तास. उजव्या तळव्यात शिरणारी नखं.

हे माझ्याने सोसवणार नाही, त्यांना वाटलं. एक मिनिटभर. एकच मिनिट श्वास घेऊन येतो. खडा आहेच की.

ते खिडकीशी आले.

किती हलकं वाटलं! खाली शटर पूर्ण हिरवं झालं होतं. रस्त्यावर ऊन होतं. मागे कोळशाच्या कांड्या कागदांवर खरखरत होत्या. मग एक कांडी थांबली. मग दुसरी. मग सगळ्याच.

"अहो काका!" सर म्हणाले.

पुतळेकाकांनी वळून बघितलं. खुर्चीवरचा देह हलत होता. तो सावकाश पुढे वाकला, डावं पाऊल उचललं, खडूच्या रेघेवरून बोटं फिरली आणि रेघ पुसली गेली. त्याने टाचेखालचा खडा उचलला. जरा वेळ तळव्यावर धरून बघितला. मग शर्ट अंगात चढवला आणि खडा खिशात टाकला.

"माफ करा सर," तो म्हणाला. आवाज पुतळेकाकांचाच होता, जरा जास्त भरलेला. "मला आत्ताच निघायला हवं. बायको वाट बघतेय."

"पण अजून दीड तास..."

"खूप बसलो मी," तो म्हणाला. त्याने चपला घातल्या.

पुतळेकाका नेहमीच्या वाटेने धावले. नख. डाव्या अंगठ्याचं नख. त्यावर नजर ठेवायची आणि उतरायचं. पण नख एका जागी राहीना. ते बटणं लावत होतं, कॉलर सरळ करत होतं, दाराला धरत होतं. एकवीस वर्षांत ते हलणाऱ्या हातावर कधी उतरले नव्हते. दार उघडलं आणि बिजागरी कुरकुरली.

चष्मेवालीने एकटीने खिडकीकडे बघितलं. कोळसा तिच्या बोटांतून खाली पडला.

खाली रस्त्यावर तो उन्हात आला, थांबला, पायाला ऊन लागतंय हे जाणवल्यासारखा क्षणभर उभा राहिला. मग हात हलवत, बसून आखडलेल्या पायाने जरा लंगडत, घाईने चालू लागला. त्याने वर बघितलं नाही.

७

मनाने कुठेही जाता येतं, आणि पुतळेकाका त्यात तरबेज होते. ते हॉस्पिटलात पोचले.

लांब व्हरांडा होता, फिनेलच्या वासाचा. वास असावा असं त्यांना वाटलं, कारण फरशी पुसलेली होती. त्यांना वास येत नव्हता. बाक तोच होता की तसाच दुसरा, कळेना. समोर खोलीचं दार अर्धवट उघडं होतं.

ती पलंगावर होती, हिरव्या कपड्यात, केस बांधलेले. तो शेजारी स्टुलावर बसला होता. रडत होता. खांदे हलत होते, नाक गळत होतं, आणि तो ते पुसतही नव्हता, कारण त्याचा डावा हात तिने दोन्ही हातांत घट्ट धरला होता. अंगठा तिच्या मुठीत पार झाकून गेला होता.

पुतळेकाका दाराशी थांबले. नख दिसलं असतं तर. हात आता हलत नव्हता. तिने नुसती मूठ सैल केली असती, एक क्षणभर, तर त्यांना आत जाता आलं असतं. सोड, ते म्हणाले. अगं, हात सोड त्याचा. जन्मभर त्यांनी हात धरावा म्हणून जी बाई झुरली, तिने हात सोडावा म्हणून ते तिची विनवणी करत होते. आवाज कुठेच उमटला नाही.

"पुरे आता," ती म्हणाली. ती हसत होती आणि तिचेही डोळे वाहत होते. "मी जिवंत आहे अजून. पण आलात हो तुम्ही. खरंच आलात."

"मी तेव्हाही होतो," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे बघितलं.

"दोन्ही तास होतो. तुझा हात माझ्याच हातात होता. हे बघ." त्याने उजवा तळवा तिच्यासमोर उघडा केला. "तुझी नखं रुतली ती अजून आहेत. मला बोलता येत नव्हतं तेवढंच."

तिने त्या चार वणांवरून बोट फिरवलं. मग वाकून तळवा गालाला लावला. तेरा वर्षांचं जे काही त्या खोलीत होतं, ते सैल झालेलं पुतळेकाकांना बाहेरून दिसलं. त्यांना आनंद व्हायला हवा होता. मनापासून व्हायला हवा होता.

नर्स डोकावून सांगून गेली, अर्ध्या तासात नेतील. ती पुतळेकाकांच्या आरपार गेली.

तो खाली वाकला. खिशातून खडा काढला, डाव्या चपलेत टाचेखाली ठेवला आणि त्यावर सगळा भार देऊन उभा राहिला. दुखल्याने त्याचे ओठ आवळले. मग चेहरा शांत झाला.

"काय करताय?" तिने विचारलं.

"काही नाही. कुठे जायला नको म्हणून."

ती उशीला टेकली. तिला शिरशिरी आली. तिने पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं आणि दाराकडे बघितलं, सरळ पुतळेकाकांकडे, जशी ती रिकाम्या व्हरांड्याकडे बघत असेल तशी.

"अहो, तिकडून गार वारा येतोय," ती म्हणाली. "दार लावून घ्या ना."

तो लंगडत दारापाशी आला. पुतळेकाकांच्या समोर, हातभर अंतरावर थांबला. डोळे त्या बारा चित्रांतले होते, पण आता ते वाट बघत नव्हते.

मग त्याने दार लावलं, आणि आतून कडी सरकल्याचा आवाज झाला.